नकाशातले पुणे आणि पायाखालचे पुणे

शहर पायी पाहण्याचा छंद अलीकडे मध्यमवर्गात चांगलाच रुजला आहे. पुण्यात त्याला 'वारसाफेरी' असे भारदस्त नाव मिळाले आहे. पूर्वी अशा फेरीला एखादा जाणकार सोबत लागे. आता तोही लागत नाही. घडीचा नकाशा घ्यावा किंवा मोबाईलच्या पडद्यावरचे ठिपके पाहावेत, आणि एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्याकडे चालत जावे. कोणी हाकणारा नाही, घाई करणारा नाही, बक्षिशी मागणारा नाही. शहर आपल्या पायांनी आणि आपल्या गतीने पाहण्याचे हे स्वातंत्र्य आहे, असे या छंदाचे भोक्ते सांगतात. चालणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत समतेचे वाहन आहे हे समाजवाद्यांनी तरी नाकारण्याचे कारण नाही. ज्या चळवळीचे निम्मे शिक्षण पदयात्रांत झाले, तिने चालणाऱ्याला नावे ठेवणे शोभणारे नाही.

तेव्हा तक्रार चालण्याविषयी नाही. सोबत वाटाड्या नाही, या समजुतीविषयी आहे. वाटाड्या असतो, तो कागदात जाऊन बसलेला असतो एवढेच. हाडामांसाच्या वाटाड्याला निदान मध्येच अडवून विचारता येते, त्याची फजिती करता येते, त्याच्याशी भांडता येते. नकाशाशी भांडता येत नाही. कोठे ठिपका द्यावयाचा, कोठे नाही, कोणत्या ठिकाणी वीस मिनिटे थांबावयाचे आणि कोणती गल्ली मान खाली घालून ओलांडावयाची, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. पाय पाहुण्याचे असतात. दिशा दुसऱ्याची असते. हा निर्णय दिसावयास सौंदर्यदृष्टीचा असला तरी मुळात तो राजकीय आहे, आणि राजकीय म्हणूनच त्याची झडती घेतली पाहिजे.

पुण्यातील नेहमीची फेरी पाहावी. शनिवारवाड्यापासून निघावयाचे, लाल महाल, कसबा गणपती, नाना वाडा, बेलबाग, तुळशीबाग, मंडई आणि शेवटी विश्रामबागवाडा. पहिल्या बाजीरावाच्या वाड्यापासून दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यापर्यंत. राज्याचा जो आरंभ आणि जो शेवट, तोच फेरीचाही आरंभ आणि शेवट. यात काही विनोद आहे असे फारसे कोणाला वाटत नाही.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि एकंदर खर्च १६,११० रुपये आला, हे पुण्यातले शाळकरी पोरही सांगू शकेल. रुपयाचा हिशेब चोख ठेवणारी ती राजवट होती. पण माहितीच्या फलकावर जे वाक्य असते, त्यातील क्रियापद नेहमी 'बांधला' हे असते आणि त्याचा कर्ता नेहमी पेशवा असतो. पाथरवट, बेलदार, गवंडी, सुतार, लोहार, चुन्याची घाणी फिरविणारे, पाण्याच्या पखाली वाहणारे हे सारे या वाक्याबाहेर उभे राहतात. व्याकरणातील ही लबाडी इतकी अंगवळणी पडली आहे की ती लबाडी आहे हे सुद्धा सांगावे लागते.

बांधकामाच्या या बाजूविषयी पुण्यात लेखी साक्ष नाही असे नाही. मुक्ता साळवे ही मांग जातीची मुलगी, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी. तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त दोन अंकांत प्रसिद्ध झाला. गरीब महार-मांगांना त्यांच्या जागेवरून हाकलून तेथे मोठमोठ्या इमारती उठविल्या गेल्या आणि त्या इमारतींच्या पायात माणसे पुरली गेली, असा आरोप या मुलीने त्यात स्वच्छ शब्दांत केला आहे. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम सदतीस वर्षे झाली होती. ज्यांनी तो काळ पाहिला होता अशी माणसे तिच्या वस्तीत जिवंत होती. इतिहाससंशोधक या कथनाला दप्तरातील पुरावा मागतील. अवश्य मागावा. परंतु तोच इतिहाससंशोधक शनिवारवाड्याच्या जागेविषयी सांगितली जाणारी सशाने कुत्र्याचा पाठलाग केल्याची गोष्ट मोठ्या प्रेमाने ऐकून घेतो, आणि 'काका, मला वाचवा' या रात्रीच्या हाकेला तर पुराव्याची गरज कधीच पडलेली नाही. दंतकथा चालते, फक्त ती वाड्याच्या आतली असली पाहिजे. वाड्याच्या पायाखालची स्मृती आली की पुरावा हवा.

आणखी एक गोष्ट येथेच लक्षात घ्यावी. शनिवारवाडा म्हणून जे पाहावयाचे त्यात वाडा नाहीच. तो १८२८ च्या आगीत जळाला. उरला आहे तो तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. पाहुणा मोकळ्या जागेकडे पाहतो आणि मनाने मजले चढवितो. म्हणजे रिकाम्या जागेलाही इतिहास असू शकतो, तिथेही थांबावे, डोळे मिटावे, हळवे व्हावे, हे तत्त्व पुण्याने पूर्वीच मान्य केले आहे. ते कोणत्या जागेला लागू करावयाचे, एवढाच वादाचा प्रश्न.

बुधवार पेठेतील भिडेवाडा हे त्याचे उत्तर आहे. १ जानेवारी १८४८ रोजी फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा येथे सुरू केली. सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेकली गेली ती शाळेत जाण्यायेण्याच्या वाटेवर. अर्थात ज्या रस्त्यांवरून आजची वारसाफेरी जाते त्याच पेठांत. समोर दगडूशेठ गणपतीचे देवस्थान. तेथे रोज हजारो माणसे हात जोडत असताना समोरचा हा वाडा दुकानांच्या पाट्यांमागे वर्षानुवर्षे कुजत राहिला. काही नकाशांत त्याला ठिपका होता हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण तो ठिपका पाहण्यासाठी माणसाला आधी तो शोधावा लागे. स्मारकासाठी जागा ताब्यात घेण्याचा महापालिकेचा आणि तेथील भाडेकरूंचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल २०२३ च्या नोव्हेंबरात लागला आणि ४ डिसेंबरच्या मध्यरात्री पोलीस बंदोबस्तात वाडा जमीनदोस्त झाला. इमारत मोडकळीला आली होती हे खरे. परंतु ती मोडकळीला कोणी येऊ दिली? विश्रामबागवाडाही जुन्या लाकडाचाच आहे. त्याला १८७९ मध्ये आग लावली गेली होती, तरी तो सावरला गेला. एकाची डागडुजी होते आणि दुसऱ्याचे 'भव्य स्मारक' होते. भव्य स्मारक याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की मूळ वस्तू आता उरलेली नाही.

फेरीतील पाण्याचा विषय याहून बोलका आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ बांधून शहरात पाणी आणले गेले. खापरी आणि दगडी बांधकामाच्या त्या मार्गातून केवळ उताराच्या बळावर पाणी पेठांपर्यंत येई आणि हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, पंचहौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. अभियांत्रिकीचे हे काम खरोखर थोर होते. त्याचे कौतुक करताना कोणाही समाजवाद्याने हात आखडता घेऊ नये. सार्वजनिक पाणीपुरवठा ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे हे तत्त्व त्यात आहेच. परंतु हौदाच्या काठावर उभे राहून पाहुणा नळाची लांबी आणि उतार यांचे आश्चर्य करतो, तेव्हा एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो: या हौदात घागर बुडविण्याचा अधिकार कोणाला होता?

सार्वजनिक पाणी हे अस्पृश्यांसाठी सार्वजनिक नव्हते. म्हणूनच १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, या घटनेला एवढे मोल आहे. राज्याच्या नळाला जे जमले नाही ते एका माणसाने आपल्या अंगणात केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात आला तो १९२३ मध्ये, आणि त्या ठरावाची अंमलबजावणी करावयास बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावे लागले ते १९२७ मध्ये. फुल्यांचा हौद या सर्वांच्या अर्धशतकाहून अधिक अगोदरचा. गंजपेठेतील त्या घरात तो आजही पाहता येतो. मंडईपासून तेथे पायी जावयास फार तर वीस मिनिटे लागतात. नेहमीची फेरी ती वीस मिनिटे खर्च करीत नाही. ती पश्चिमेकडे, विश्रामबागेकडे वळते.

पंचहौदाची गोष्ट तर मासलेवाईक. १४ ऑक्टोबर १८९० रोजी तेथील ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा देण्यात आला. उपस्थितांत रानडे होते, टिळक होते. चहाच्या पेल्यावरून गावात ग्रामण्य उठले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, आणि महाराष्ट्राच्या राजकारणाचे आणि सुधारणेचे हे दोन्ही धुरीण प्रायश्चित्ताच्या पाटावर बसले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबर रोजी, म्हणजे या चहानंतर अवघ्या दीड महिन्याने, फुले वारले. बावीस वर्षांपूर्वी स्वतःचा हौद खुला करणारा माणूस आणि एका पेल्यासाठी प्रायश्चित्त घेणारे विद्वान एकाच शहरात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहत होते. फेरीच्या पुस्तिकांना चहाची गंमत सांगावयास आवडते. हौदाचा उल्लेख त्या गंमतीशेजारी केला तर गंमत उरत नाही, ही अडचण आहे.

मंडईपाशी तर नकाशा साफ खोटे बोलतो, आणि तेही खरी नावे लिहून. 'महात्मा फुले मंडई' ही सुंदर दगडी इमारत, तिचे अष्टकोनी शिखर, तिचे कमानदार पंख यांची छायाचित्रे घेत लोक उभे असतात. नावावरून वाटावे की फुल्यांचा या इमारतीस आशीर्वाद असेल. वस्तुस्थिती उलट आहे. फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. बहुमत दुसरीकडे होते. इमारत १८८६ मध्ये उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचे नाव देण्यात आले. अत्र्यांचा हेतू थोर होता, आणि शेतकऱ्यांच्या कैवाऱ्याचे नाव भाजीबाजाराला असावे यात औचित्यही आहे. पण विरोधी मत नोंदविणाऱ्याचेच नाव त्या वास्तूला देऊन विरोध मात्र विसरावयाचा, ही आपल्या सार्वजनिक जीवनाची आवडती युक्ती आहे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये काढले तेव्हाही विरोध करणारे फुले एकटेच होते. मंडईसमोर जर काही वाचावयाचे असेल तर सभागृहातील ते एकाकी मत वाचले पाहिजे.

येथे वर्तमानाविषयी एक वाक्य अस्थानी होणार नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराला निवडून आलेले सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. भिडेवाडा त्याच काळात पडला. मंडईच्या खालून मेट्रो त्याच काळात, २०२४ च्या सप्टेंबरात, धावू लागली. एकट्याने विरोध नोंदविण्याचीही जागा शहरात राहिली नव्हती. 'वारसा' या शब्दात नगरपालिकेतील वादविवादाचा वारसाही मोडतो, हे वारसाप्रेमींच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

लक्ष्मी रस्त्याच्या उत्तरेस कसबा पेठेतून जाताना फेरी तांबट आळीत शिरते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके पडत असतात. पाहुणे थांबतात, चित्रफीत घेतात, 'किती सुंदर कला!' म्हणतात आणि पुढे जातात. हा प्रकार बारकाईने पाहण्यासारखा आहे. तांबट हा कारागीर आहे, त्याला पत्र्याचा भाव, कोळशाचा भाव, व्यापाऱ्याने दिलेली मजुरी, ठोक्यांनी जाणारी श्रवणशक्ती आणि मुलगा या धंद्यात येणार की नाही ही काळजी आहे. फेरीत तो देखावा होतो. बुरूड आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, भोई आळी ही नावे नकाशात गोड दिसतात. ती जातींची आणि श्रमविभागणीची नावे आहेत, त्या त्या श्रमाला बांधून टाकलेल्या माणसांची नावे आहेत, हे त्या गोडव्यात विरून जाते. बुधवार पेठेतील काही गल्ल्यांपाशी आले की नकाशा अचानक मुका होतो. तेथे देहविक्रय करून जगणाऱ्या स्त्रिया राहतात. त्यांच्याकडे कॅमेरा वळविला जाऊ नये हे बरेच. परंतु त्यांच्या अस्तित्वावरच पांढरा रंग फासला जावा हे सभ्यतेचे लक्षण नव्हे.

पूर्वेकडील पेठांचा तर प्रश्नच मिटलेला आहे. सोमवार, मंगळवार, गंज, नाना, भवानी: या बाजूस पाहुण्याने वळावे असे नकाशाला वाटतच नाही. वास्तविक पुण्याच्या व्यापाराचा भार या पेठांनी डोक्यावर वाहिला आहे, आणि हे अलंकारिक बोलणे नाही. नाना आणि भवानी पेठेतील गोदामांत पोत्यांच्या थप्प्या लावणारे हमाल संघटित झाले, बाबा आढावांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली, आणि १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू झाली. राबणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात पोटभर जेवण, आणि तेही त्याच्याच संघटनेने चालविलेल्या खानावळीत. वारसाफेरीच्या पुस्तिकेत मिसळ कोठे, बाकरवडी कोठे, मस्तानी कोठे याचे तपशील रस्त्याच्या क्रमांकासह असतात. पुण्याच्या आहाराचा इतिहास लिहावयाचा तर भाकरीला वगळून तो कसा लिहिता येतो, हे त्या पुस्तिकाकारांनाच ठाऊक. त्याच नाना पेठेत विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचा अहिल्याश्रम आहे. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे अस्पृश्यांचे पत्र काढणारे शिवराम जानबा कांबळे याच पुण्याचे. या साऱ्या परिसराला नकाशात जो रंग असतो तो करडा असतो.

आता अधिक गंभीर भागाकडे वळले पाहिजे. कारण हा केवळ सन्मानाचा आणि उल्लेखाचा वाद असता तर त्यासाठी एवढी जागा खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. ठिपका पडला की त्याच्या मागोमाग कायदा येतो, पैसा येतो आणि कोण राहणार, कोण जाणार हे ठरू लागते. शनिवारवाडा केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. दुरुस्तीला मुभा आहे, पण तीही परवानगीनेच. नियमाचा हेतू स्मारकाभोवती मनोरे उठू नयेत हा आहे, आणि बिल्डरांची भूक पाहता तो नियम मुळातच नको असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. परंतु त्या शंभर मीटरांत जुन्या वाड्यांत एकेका खोलीत राहणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या भिंती फुगल्या आहेत, तुळया वाळवीने पोखरल्या आहेत. मालक भाडे अत्यल्प आहे म्हणून दुरुस्ती करीत नाही, भाडेकरूची ऐपत नाही, आणि पुन्हा बांधावयाचे तर कायदा आडवा. पावसाळा आला की महापालिका धोकादायक वाड्यांवर नोटिसा डकवून मोकळी होते. ज्या वाड्यात कोणी राहत नाही त्याच्या भिंतीला संरक्षण आहे, आणि ज्यात माणसे राहतात ते त्यांच्या अंगावर कोसळण्याची वाट पाहत आहेत.

या परिसराबाहेर दुसरेच संकट आहे. वाडा पडतो किंवा पाडला जातो, त्या जागी इमारत येते, तळमजल्यावर दुकाने येतात, आणि भाडेकरूंपैकी ज्याला कागद दाखविता येतो त्याला वर एक घर मिळते. पोटभाडेकरू, जिन्याखाली शिवणयंत्र घेऊन बसणारा, अंगणात इस्त्रीची गाडी लावणारा, पापड लाटणाऱ्या बाया यांच्या नावाचा कागद नसतो. त्यांची ये-जा, त्यांचे उठणे-बसणे यांनीच त्या पेठेला पेठपण आले होते, आणि पाहुणा जे 'जुने पुणे' पाहावयास येतो ते नेमके हेच. ते हलले की वारसाफेरीत लाकडी कमान उरेल आणि तिच्या आत कॉफीचे दुकान.

हे सारे पेशव्यांच्या बाजूनेच घडते असे समजून समाधान करून घेण्याचेही कारण नाही. गंजपेठेत फुलेवाडा आणि सावित्रीबाईंचे स्मारक एकत्र जोडून विस्तार करण्याचे ठरले आहे आणि त्यासाठी भोवतालच्या घरांचे संपादन व्हावयाचे आहे. विस्तार व्हावा. परंतु ज्यांच्या घरांवरून तो होणार ती पेठ कष्टकऱ्यांची आहे. त्यांना त्याच परिसरात, भाडेकरूंसकट, घरे मिळाल्यावाचून एक वीटही हलता कामा नये, ही मागणी फुल्यांच्या अनुयायांनीच सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने केली पाहिजे. फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. वीट कोणाच्या पाठीवरून येते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आणि ज्या पायांच्या जोरावर हा सारा छंद चालतो, त्यांची या शहरात काय प्रतिष्ठा आहे? महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. पदपथ सलग असावेत, अडथळा नसावा, ओलांडण्याची सोय असावी, असे त्यात सारे चांगलेच लिहिले आहे. २०२१ पासून डिसेंबरात एक दिवस लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांना बंद करून 'पादचारी दिन' साजरा होतो. त्या दिवशी रांगोळ्या निघतात. वर्षाचे उरलेले दिवस शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसाने देवाचे नाव घ्यावे अशी स्थिती. या दुरवस्थेचे खापर पथारीवाल्यावर फोडण्याची पद्धत आहे. त्याची पथारी हटविली की वारसा उजळतो अशी वारसाप्रेमींची श्रद्धा दिसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे, हे त्यांनी वाचलेले नसते. पदपथावर चढविलेली मोटार आणि ओळीने लावलेल्या दुचाक्या यांना मात्र 'अतिक्रमण' हा शब्द लागत नाही. तुळशीबागेच्या तोंडाशी बांगड्या विकणारी बाई हा वारशाचा अडथळा नाही. देवळाभोवती बाजार भरणे हाच त्या जागेचा वारसा आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील की हा सारा सुखवस्तूंचा रविवार आहे. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगार हे प्रश्न सोडून पक्षाने या भटकंतीत कशाला लक्ष घालावे? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो टिकत नाही. शहरातील कोणत्या जागेवर कोणाचे पाऊल पडावे या प्रश्नावर समाजवाद्यांच्या एका पिढीने मार खाल्ला आहे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, काकासाहेब गाडगीळ आणि अवघ्या पंचविशीतले एस. एम. जोशी त्यात होते. सनातन्यांनी दगडफेक केली. एस. एम. यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवातच जवळजवळ त्या पायऱ्यांवर झाली. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत हे प्रत्येक पुस्तिका सांगते. त्या पायऱ्यांवर कोणाला अडविले गेले हे सांगणारी पुस्तिका क्वचित. पायऱ्या मोजणे आणि पायऱ्यांवरचे रक्त मोजणे यांपैकी एकच काम करावयाचे तर पर्यटनखाते पहिले निवडणार हे उघड आहे. दुसरे कोणी करावयाचे?

पुणे शहरातील पक्षशाखांनी आणि सेवादलाच्या मित्रांनी यासाठी निधी, समिती, उद्घाटन यांची वाट पाहण्याचे कारण नाही. एका कागदावर दोन्ही बाजूंनी छापता येईल एवढेच हे काम आहे. फेरी पर्वतीच्या पायथ्यापासून निघावी आणि चढावर पहिला थांबा सत्याग्रहाचा असावा. तेथून गंजपेठेतील हौद. मग नाना पेठेत अहिल्याश्रम, आणि भुकेची वेळ झालीच असेल तर कष्टाची भाकर. पुढे पश्चिमेस मंडई, तेथे सभागृहातील एकट्या मताचा उल्लेख. भिडेवाड्याच्या जागेपाशी पुरेसा वेळ. तांबट आळीत चित्रफीत घेण्याऐवजी मजुरीचा दर विचारावा, आणि सांगितला तर तो पुढच्या आवृत्तीत छापावा. वाटेत ज्या वाड्यांवर धोकादायक इमारतीची नोटीस लावलेली दिसेल त्यांची नोंद त्याच कागदाच्या मागे करावयास जागा सोडावी; ती यादी दर पावसाळ्यापूर्वी क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्यावयाची आहे. ज्या वाड्यात नोटीस आहे तेथील भाडेकरूंची बैठक त्याच आठवड्यात, त्याच अंगणात घ्यावी.

शनिवारवाडा या फेरीतून गाळू नये. तो अगदी शेवटी यावा. त्याच्या पटांगणात संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत सभांना माणूस मावत नसे, हे ऐकलेली म्हातारी माणसे पेठांतून अजून भेटतात. त्यांतील एखाद्याला तेथे बोलावून बसवावे, आणि त्याला मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवावा.